सिग्नल ७०, क्वालिटी शून्य: कौलारू घरी डिश स्वतः लावताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जांबोटीच्या बाजूला गावात कौलारू घर, वडील एकटे राहतात, तुम्ही पुण्याला. महिन्याला पैसे भरायचं पॅकेज बंद केलं, पण जुनी डिश कौलांवर तशीच आहे. तुम्ही बेळगावात खडे बाजारातून फ्री डिशचा बॉक्स घेतलात, मोबाइलवर व्हिडिओ बघत अडीच तास डिश फिरवलीत. स्ट्रेंग्थ ७० दाखवते, क्वालिटी शून्य. आषाढीच्या आधी वडिलांना सह्याद्री वाहिनी दिसायला पाहिजे. माणूस बोलवावा की स्वतःला जमेल?

जमेल. गेली बावीस वर्षं मी बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात डिश लावतो. तेवढ्या अनुभवावर सांगतो, या कामात अवघड असं काही नाही, पण क्रम चुकला की दिवस जातो. तुमचाही क्रमच चुकलाय. तुम्ही उपग्रह शोधायला गेलात, आणि डिश ज्या पाईपवर उभी आहे तो पाईप सरळ आहे का ते बघितलं नाहीत. बाकी सगळं मी पुढे सांगतोच, पण एवढं धरून ठेवा: पाईप ओळंब्यात असेल तर उपग्रह सापडतोच. पाईप कललेला असेल तर तो सापडला तरी कसा सापडला हे तुम्हाला कळणार नाही, आणि दुसऱ्यांदा सापडणार नाही.

आधी ते ७०. मला आठवड्यातून एक तरी फोन येतो, "सिग्नल सत्तर हाय की ओ, मग चित्र का येईना?" स्ट्रेंग्थची पट्टी एवढंच सांगते की बॉक्समधून केबलवाटे एलएनबीला (डिशसमोर दांड्यावर बसवलेल्या, लाटा पकडणाऱ्या डबीला) वीज पोचली आणि तो चालू आहे. डिश आभाळाकडे सोडून जमिनीकडे वळवली तरी बहुतेक बॉक्स ६०-७० दाखवतात, कारण एलएनबीचा स्वतःचा आवाजसुद्धा त्या पट्टीत मोजला जातो. त्यामुळे ७० ही तशी चांगली बातमी आहे: केबल तुटलेली नाही, एलएनबी जळालेला नाही. पण नेम लागलाय की नाही हे फक्त क्वालिटी सांगते. यापुढे स्ट्रेंग्थकडे बघूच नका.

दुसरी गोष्ट, ते व्हिडिओ. त्यातले बरेचसे दिल्लीकडच्या लोकांनी केलेले असतात आणि ते त्यांच्याकडचे कोन सांगतात. डीडी फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. (तो सांभाळणारं इस्रोचं मुख्य नियंत्रण केंद्र आपल्याच राज्यात, हासनला आहे.) दिल्लीहून हा उपग्रह उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास सुमारे १४९ अंशांवर दिसतो आणि क्षितिजापासून ५२ अंश वर. बेळगावहून तोच १२८ अंशांवर आणि ६१ अंश वर आहे. दिशेत वीस अंशांचा फरक, उंचीत नऊचा. व्हिडिओ बघून तुम्ही अडीच तास दिल्लीचं आभाळ शोधत होता.

आपल्या भागाची सोय अशी की निपाणीपासून खानापूरपर्यंत हे आकडे एक अंशाच्या आत राहतात. म्हणून १२८ आणि ६१ हे दोन आकडे वहीत लिहून ठेवले की अख्ख्या सीमाभागाला पुरतात.

आता डिश कुठे लावायची. माझं स्पष्ट मत आहे, कौलांवरची डिश काढा आणि परड्यात जमिनीवर लावा. डिश जितकी उंच तितकं चित्र चांगलं, हा समज जुन्या अँटेनाच्या काळातला आहे. तेव्हा दूरच्या मनोऱ्यावरून लाटा जमिनीला समांतर यायच्या आणि त्या पकडायला वीस-वीस फुटी पाईप लावावे लागायचे. उपग्रह डोक्यावर ६१ अंशांत आहे. डिश वीस फूट वर नेली म्हणून तो काही जवळ येत नाही. बघायचं एवढंच, की डिशपासून आग्नेयेला, त्या तिरक्या रेषेत झाड किंवा भिंत येऊ नये. हिशेब सोपा आहे. डिशच्या पातळीपासून झाडाचा शेंडा १० मीटर वर असेल तर डिश त्याच्यापासून साडेपाच मीटर लांब असली की पुरे. १५ मीटरचा माड असेल तर सव्वाआठ मीटर. घराचं आढं ५ मीटर वर असेल तर पावणेतीन मीटर. तेही फक्त आग्नेयेच्या बाजूचं. मागे, पश्चिमेला, सह्याद्रीचे डोंगर आणि जंगल कितीही असू दे, त्यांचा काही संबंध नाही. झाडाच्या बाबतीत दोन-तीन वर्षांची वाढ मात्र धरा.

कौलांवर चढू नका असं म्हणण्याचं कारण नुसती फुटकी कौलं नाहीत. पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरतं आणि पाय ठरत नाही. शिवाय डिश वाशाला ठोकलेली असेल तर ती कधीच एका जागी राहत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः कणकुंबीच्या वाटेवरच्या एका घरी वाशाला क्लॅम्प मारून डिश लावली होती. मे महिन्यात झकास चित्र होतं. जूनच्या पावसाने लाकूड फुगलं, वासा पिळला, आणि आषाढी एकादशीच्या पहाटे पंढरपूरची महापूजा बघायला घरातली सगळी माणसं आंघोळी करून बसली तेव्हा टीव्ही निळा. त्या घरातल्या आजी मला काही बोलल्या नाहीत. मी दुपारी पोचलो तेव्हा त्यांनी आधी चहा ठेवला. ती सकाळ मी त्यांना परत देऊ शकत नव्हतो. त्यानंतर लाकडाला डिश लावली नाही. तुमचा प्रश्न वाचल्यावर मला तीच सकाळ आठवली, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

पाईपाचं काम असं करा. डिशच्या क्लॅम्पात बसेल असा जीआय पाईप घ्या, बहुतेक डिशना बाहेरून साधारण ३८ मिलिमीटरचा लागतो. लांबी सहा फूट: दोन फूट जमिनीत, चार फूट वर. खालच्या टोकाला आडवी सळी वेल्ड करून घ्या किंवा आरपार भोक पाडून लांब बोल्ट घाला, नाहीतर काँक्रीटमध्येही पाईप वाऱ्याने स्वतःभोवती फिरतो. खड्डा दोन फूट खोल, एक फूट रुंद. तुमच्याकडे खाली जांभा लागला तर पहारीने दमवणारं काम आहे, पण एकदा बसलेला पाईप मग हलत नाही. सिमेंट, वाळू, खडी घालून ठासून भरा आणि ओलं असतानाच गवंड्याचा ओळंबा लावा. एका बाजूने बघून भागत नाही. आधी दक्षिणेकडून बघा, मग काटकोनात जाऊन पूर्वेकडून बघा, दोन्हीकडून दोरी पाईपाला समांतर पाहिजे. दोरीचे ताण देऊन तसाच बांधून ठेवा आणि तीन दिवस हात लावू नका, रोज पाणी तेवढं मारा. वरच्या टोकाला टोपी बसवा, नाहीतर पाईप पावसाने भरतो आणि आतून गंजतो.

ओळंब्याचा एवढा आग्रह का, तेही सांगतो. साठ सेंटिमीटरच्या डिशची नजर आभाळात जेमतेम तीन अंश रुंद असते. पाईप दोन अंश कललेला असेल तर डिश डावी-उजवी फिरवताना तिची उंचीही गुपचूप बदलत जाते: पूर्वेला ६१ लावलेली डिश दक्षिणेकडे जाईपर्यंत ६० किंवा ६२ झालेली असते. म्हणजे तुम्ही एक गोष्ट फिरवताय असं वाटतं आणि प्रत्यक्षात दोन फिरत असतात. सरळ पाईपावर डिश फिरवली तर उंची कायम राहते आणि शोध एकाच रेषेवरचा होतो. (१९७५-७६ मध्ये शेजारच्या विजापूर, गुलबर्गा, रायचूर जिल्ह्यांतल्या खेड्यांत उपग्रहावरून शिक्षणाच्या कार्यक्रमांचा प्रयोग झाला तेव्हा तीन मीटरच्या जाळीच्या छत्र्या उभ्या कराव्या लागल्या होत्या. आज तेच काम आपण परातीएवढ्या पत्र्यावर करतो, तेव्हा थोडा नेमकेपणा आपल्याकडूनही लागणारच.)

काँक्रीट वाळेपर्यंतचे तीन दिवस वाया घालवू नका, त्यात दिशा काढून घ्या. मोबाइलचं होकायंत्र चालतं, पण पाईप, पत्र्याची शेड, स्लॅबमधल्या सळ्या, मोटारसायकल, यांच्याजवळ ते दहा-वीस अंश सहज चुकतं. पाईपापासून चार-पाच पावलं लांब उभं राहून, मोबाइल हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवून मगच वाचा. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत आपल्याकडे जेमतेम एक अंशाचा फरक आहे, तो सोडून द्या.

माझा स्वतःचा भरवसा सावलीवर आहे, आणि तुमचा ओळंब्यातला पाईप हाच सावलीचा खांब. जमीन सपाट करून घ्या. चार फुटांची दोरी पाईपाच्या बुंध्याशी धरा. सकाळी साडेनऊच्या सुमारास पाईपाच्या सावलीचं टोक दोरीच्या टोकाला येईल, तिथे खिळा ठोका. दुपारी साडेतीनच्या सुमारास सावली दुसऱ्या बाजूला पुन्हा चार फूट होईल, तिथे दुसरा खिळा. हे वेळेचे आकडे मे महिन्याचे आहेत. वेळ पुढेमागे झाली तरी चालेल, लांबी मात्र दोन्ही वेळा तीच पाहिजे. दोन खिळे जोडणारी रेषा म्हणजे नेमकी पूर्व-पश्चिम. पाईपाच्या बुंध्यातून तिच्याशी काटकोन काढा, ती उत्तर-दक्षिण. भर दुपारी बाराची सावली बघून उत्तर काढायचा मोह टाळा. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर असतो, सावलीच पडत नाही, आणि त्यानंतर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ती दक्षिणेकडे पडते. लोक तिथेच फसतात.

आता पाईपापासून दक्षिणेला चार फूट मोजा, तिथून काटकोनात पूर्वेला पाच फूट. त्या जागी दगड ठेवा. पाईपापासून त्या दगडाकडची रेषा म्हणजे तुमची १२८ अंशांची रेषा, अर्ध्या-पाऊण अंशाच्या फरकाने. या कामाला एवढं पुष्कळ झालं.

डिश चढवा. तिच्याकडे बघून "ही तर समोरच्या घराकडे बघतेय, वर कुठे बघतेय?" असं वाटेल. ते बरोबर आहे. आपल्या डिशचा एलएनबी मधोमध नसून खालून येणाऱ्या दांड्यावर असतो, त्यामुळे डिशची खरी नजर तिच्या तोंडापेक्षा बरीच वर असते. किती वर, ते टेपने काढता येतं. माझ्याकडच्या नेहमीच्या डिश ६० सेंटिमीटर रुंद आणि ६५ उंच असतात. त्या मापात हा फरक साडेबावीस अंशांचा येतो. म्हणजे ६१ अंशांवरच्या उपग्रहासाठी डिशचं तोंड सरळ उभ्यापासून फक्त ३८ ते ३९ अंश मागे कललेलं असतं. मागच्या क्लॅम्पावर आकडे छापलेले असतील तर तो फरक धरूनच छापलेले असतात, तिथे सरळ ६१ लावा. स्वस्त डिशवर ते दोन-तीन अंश खोटे निघतात. म्हणून डिशच्या वरच्या आणि खालच्या कडेवर एक सरळ पट्टी टेकवून मोबाइलच्या लेव्हलने ते ३८-३९ पडताळून घ्या.

मग एलएनबी, आणि इथे आपल्या दक्षिणेकडच्या लोकांचा सगळ्यात जास्त वेळ जातो. उपग्रहाच्या लाटा उभ्या आणि आडव्या अशा दोन प्रकारच्या असतात आणि एलएनबीने त्या वेगळ्या ओळखायच्या असतात. उपग्रह नेमका दक्षिणेला असता तर एलएनबी सरळ चालला असता. आपला उपग्रह दक्षिणेपासून बराच पूर्वेला आहे आणि आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत, त्यामुळे तिथलं "उभं" आपल्याला तिरकं दिसतं. बेळगावसाठी गणित ४५ ते ५० अंशांचं येतं, जवळपास अर्धा काटकोन. एलएनबी सरळ ठेवलात तर उभ्या आणि आडव्या लाटा निम्म्या-निम्म्या मिसळतात, आणि नेम अचूक असला तरी क्वालिटी शून्य राहू शकते. तुमच्याकडे हेही घडलं असण्याची शक्यता मोठी आहे. डिशच्या समोर उभे राहून तिच्याकडे तोंड करा. एलएनबीची केबल निघते ते टोक खाली, घड्याळातल्या सहावर असेल. ते घड्याळाच्या दिशेने साडेसातच्या आसपास आणा. ही सुरुवातीची जागा. चित्र आल्यावर दोन्हीकडे थोडं थोडं फिरवून जिथे क्वालिटी सर्वात जास्त तिथे कसा. फिरवताना आपण डिशच्या पुढे डोकं घालून तिची नजरच अडवतो, हेही विसरू नका: फिरवा, बाजूला व्हा, मग आकडा बघा.

जुना एलएनबी ठेवणार असाल तर त्याच्यावर ९७५० आणि १०६०० असे दोन आकडे छापलेत का बघा. नसतील तर नवा युनिव्हर्सल एलएनबी घ्या, महाग वस्तू नाही. आणि जुनी डिश तुमच्या मालकीची आहे की कंपनीने भाड्याने दिलेली, हे पावतीवर बघून घ्या.

टीव्ही आणि बॉक्स परड्यात डिशशेजारी आणा. घरात वडील आणि बाहेर तुम्ही, मधे "आलं का? गेलं! थांबा!" असं ओरडत केलेलं काम होत नाही. बॉक्समध्ये उपग्रह ९३.५ पूर्व, एलएनबी ९७५०-१०६००, फ्रीक्वेन्सी ११०९०, व्ही (म्हणजे उभ्या लाटा), सिम्बॉल रेट २९५०० असं लावा आणि क्वालिटीची पट्टी समोर ठेवा. केबल जोडताना किंवा काढताना बॉक्स बंद पाहिजे. एलएनबीची वीज त्याच तारेतून जाते आणि मधली तार बाहेरच्या जाळीला टेकली तर बॉक्स जळू शकतो.

उंचीचे नट कसा. पाईपावरचे नट एवढेच ढिले ठेवा की डिश हाताने फिरेल पण सोडल्यावर थांबेल. दगडाच्या रेषेच्या थोडं डावीकडून सुरुवात करा आणि उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे जा. एका वेळी डिशची कड अर्धा सेंटिमीटर सरकवायची आणि चार-पाच सेकंद थांबायचं. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. घाईत फिरवणारा माणूस उपग्रहावरून तीनदा जातो आणि बॉक्स एकदाही बोलत नाही. रेषेच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा अंश फिरून काही आलं नाही तर उंची एक अंश वाढवा, पुन्हा तेच. मग एक अंश कमी करून तेच. पाईप सरळ असेल तर तिसऱ्या-चौथ्या फेरीपलीकडे जायची वेळ माझ्यावर क्वचितच आली.

सापडल्यावर चॅनेल शोधायला लावा आणि नावं वाचा. दूरदर्शनचं सह्याद्री, चंदना दिसलं तर तुम्ही बरोबर जागी आहात. सगळी नावं पैसे भरायच्या पॅकेजमधली आणि प्रत्येकावर कुलूप असेल, तर तुम्ही शेजारी उतरलात. ९५ अंशांवर डिश टीव्ही कंपनीचा उपग्रह आहे, आपल्या उपग्रहापासून फक्त दीड अंश पलीकडे. बेळगावहून तो १२६ अंशांवर, ६० अंश उंचीवर दिसतो. तिथून फ्री डिशवर यायला, डिशच्या मागे उभे राहून, उजवीकडे सव्वादोन अंश आणि वर सव्वा अंश जायचं. सव्वादोन अंश म्हणजे ३८ मिलिमीटरच्या पाईपाच्या अंगावर पाऊण मिलिमीटर, डिशच्या कडेला बारा मिलिमीटर. ज्यांची जुनी डिश स्लॅबवर पक्क्या, सरळ पाईपावर आहे आणि ९५ वर लावलेली होती, त्यांनी मुळातून काही उखडायची गरज नाही, एवढंच सरकवायचं. बाजारात मिळणारा स्वस्त सॅट फाइंडर इथे उपयोगाचा नाही. तो कुठल्याही उपग्रहावर शिट्टी वाजवतो, कुठला ते सांगत नाही.

चित्र आलं की लोक नट आवळून मोकळे होतात. खरं काम तिथून पुढचं अर्धा तास आहे. डिश डावीकडे न्या, क्वालिटी पडू लागली की पाईपावर पेन्सिलीने खूण करा. उजवीकडे न्या, पडू लागली की दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये डिश ठेवा. आकडा सर्वात मोठा कुठे आहे ते शोधत बसण्यापेक्षा ही मधली जागा जास्त खरी असते. मग उंचीचंही असंच, मग एलएनबीचा पीळ, आणि शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत पाच मिलिमीटर पुढेमागे करून. नट आवळताना एक नट पूर्ण आणि मग दुसरा असं करू नका. पाव फेरा हा, पाव फेरा तो, आणि डोळा क्वालिटीवर. आवळताना डिश नेहमी थोडी सरकते.

हे सगळं पाऊस सुरू व्हायच्या आत करा, कारण आपल्याकडे उघडिपीतली क्वालिटी ही पावसाळ्याची शिल्लक आहे. या लाटा जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर लांबीच्या असतात आणि पावसाचे टपोरे थेंब त्या शोषतात, विखुरतात. जांबोटी-कणकुंबीकडचा आषाढातला पाऊस मी जवळून बघितलाय. त्या सरीत कितीही चांगला नेम असला तरी पाच-दहा मिनिटं चित्र जाऊ शकतं, तो दोष नाही. पण रिमझिमीतही जात असेल तर नेम अर्धवट आहे. तुमच्या भागासाठी मी तर ९० सेंटिमीटरची डिश सुचवेन. ६० च्या मानाने ती सव्वादोन पट लाटा गोळा करते. तिची नजर मात्र अरुंद, दोन अंशांची, म्हणजे नेमाला आणखी सावकाशी लागते. आणि पश्चिमेचा वारा तिच्या पाठीवर बसतो, म्हणून पाईप जाड घ्या.

केबल आरजी-६, मधली तार तांब्याची, आणि परड्यापासून टीव्हीपर्यंत एकसंध. मधे जोड नको. परड्यातून नेताना प्लॅस्टिकच्या पाईपातून न्या, घुशी केबल ठेवत नाहीत. एलएनबीच्या तोंडाशी केबलला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून गळतं, जोडात शिरत नाही. जोडावर रबरी टेप. दोन पावसाळ्यांनंतर क्वालिटी हळूहळू उतरली तर आधी कनेक्टर उघडून जाळी बघा. हिरवी-काळी पडली असेल तर तेवढा तुकडा कापा आणि नवा कनेक्टर लावा. डिशला हात लावू नका.

विजेबद्दल गंभीरपणे सांगतो. एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात आपल्याकडे विजा फार. ढग भरून आले की काम जिथे असेल तिथे सोडा. धातूचा पाईप हातात धरून मोकळ्यावर उभं राहायचं नाही, पाच मिनिटांचं राहिलंय म्हणूनसुद्धा नाही. पाईपाची जागा ठरवताना वरून विजेच्या तारा जात नाहीत हेही बघा, सहा फुटी पाईप उचलताना तो किती वर जातो याचा अंदाज राहत नाही. आणि वडिलांना सवय लावा, गडगडाट सुरू झाला की प्लग काढायचा आणि बॉक्सच्या मागची केबलही काढायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही. केबल स्क्रूची असते, वडिलांच्या बोटांना जमत नसेल तर दाबून बसणारा कनेक्टर लावून द्या.

एक प्रसंग आधीच सांगून ठेवतो म्हणजे उगाच डिश हलवणार नाही. वर्षातून दोनदा, मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबरच्या अखेरीस, काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास स्वच्छ उन्हात काही मिनिटं चित्र जातं. त्या वेळी सूर्य आपल्याकडून बघताना बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो आणि त्याचा स्वतःचा गोंगाट सिग्नल बुडवतो. आपोआप येतं. उलट त्या दिवसांत, त्या वेळी सूर्य जिथे दिसतो तिथेच उपग्रह आहे, त्यामुळे डिशला झाडाची फांदी आडवी येते का हे बघायचं असेल तर हीच वेळ: डिशवर सावली पडत असेल तर ती फांदी छाटा. सूर्याकडे मात्र डोळे लावून बघू नका, सावलीच बघा.

शेवटी, तुमच्या गावाकडे वानरं आहेत. जमिनीवरची डिश त्यांना झोका घ्यायला सोयीची, आणि गुरंही तिला अंग घासतात. भोवती तीन फुटी काट्यांचं किंवा जाळीचं कुंपण घाला. सगळं आवळून झाल्यावर पाईप आणि क्लॅम्प या दोन्हींवरून जाणारी एक उभी रेघ लाल ऑइल पेंटने ओढा. उंचीच्या पट्टीवर तशीच एक, आणि एलएनबीच्या मानेवर एक. वडिलांना त्या तीन रेघा दाखवा आणि तेरा नंबरचा पाना टीव्हीखालच्या खणात ठेवा. पुढे कधी चित्र गेलं आणि एखादी रेघ तुटलेली दिसली, तर त्यांनी नट ढिला करून रेघ पुन्हा जुळवायची आणि आवळायचं. तुम्हाला पुण्याहून किंवा मला बेळगावहून यायला लागणार नाही.